ताटात हात धुतले, तर बिघडलं काय?

इंदिरानगरचा_काका

मंडळी, विषय एवढासा आहे, पण आठ दिवस आमच्या घरात त्यावरून धुसफूस चालू आहे. म्हटलं चार लोकांना विचारावं.

मुलीनं स्वतः ठरवलेलं स्थळ. मुलगा पुण्यात नोकरीला, घरचे निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. गेल्या रविवारी मुलगा, आईवडील आणि आजोबा आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं साग्रसंगीत ताटं वाढली होती. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी, वाटीत उसळ. मध्ये भाताची मूद, वर पिवळं वरण आणि तूप. माझ्या आईचं वय ८१, पण ताट तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय आमच्याकडे पाहुण्याच्या पुढ्यात जात नाही.

गप्पा झाल्या, पुरणपोळ्या झाल्या, शेवटचा ताकभात झाला. आणि आजोबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी ताटात ओतून ताटातच हात धुतले. पाठोपाठ वडिलांनी. मग मुलानं. बेसिन चार पावलांवर, शेजारी धुतलेला नॅपकिन टांगलेला. आईचा घास हातातच राहिला.

पाहुणे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोरगा चांगला आहे, पण ताटात हात धुतो." मुलगी भडकली. "आजी, माणूस बघ ना, ताट काय बघतेस!"

मी आईच्या बाजूचा आहे. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, उष्ट्या हातानं वाढायचं नाही, मचमच आवाज करायचा नाही, पानात टाकायचं नाही आणि ज्या ताटात जेवलो त्यात हात धुवायचे नाहीत. यात जुनाट काय आहे? हे सुटलं की बाकीचंही सुटत जातं असं मला वाटतं. तुमचं मत सांगा, फक्त माझ्या मुलीला सांगू नका.

टवाळ_पंचवटीकर

आधी सांगा, पुरणपोळ्या उरल्यात का?

द्राक्षबाग

काका, मी निफाडचाच. तुमचे व्याही नाही, घाबरू नका.

आमच्याकडे ताटात हात का धुतात ते कुणी विचारत नाही, नुसती नाकं मुरडतात. बेसिन आमच्या घरात आत्ता आत्ता आलं. त्याआधी मोरी नाहीतर अंगणातला नळ. पाहुण्याला जेवल्यावर खरकट्या हातानं उठून अंगणात पाठवायचं, हा त्याचा अपमान. म्हणून घरातला लहान पोरगा तांब्या घेऊन येणार, पाहुण्याच्या हातावर पाणी घालणार, ते पाणी ताटात पडणार. शितं, रश्शाचा ओघळ, सगळं त्या पाण्यात उतरतं आणि ते खरकटं पाणी जातं म्हशीच्या घमेल्यात. एक शीत वाया जात नाही.

तुमच्या बेसिनमध्ये तेच शीत जाळीत अडकतं, चार दिवसांनी वास येतो आणि तुम्ही प्लंबरला फोन करता.

लहानपणी सुट्टीत मावशीकडे सिडकोत आलो होतो. जेवण झालं, ताटात पाणी ओतलं, हात बुडवले. मावसभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "ईऽऽ, खेडवळ!" नववीत होतो. त्यानंतर कुणाच्याही घरी जेवायला बसलो की आधी बेसिन कुठं आहे ते बघून ठेवतो. ही सवय अजून आहे, आता चाळिशी उलटली. रीत मोडल्याचं तुमच्या आईला वाईट वाटलं, ठीक. पण आजोबांनीही रीतच पाळली हो. त्यांची.

सरळ_चमचा

दोघांच्याही भावना समजल्या. पण प्रश्न भावनेचा नाही. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना जेवणाच्या टेबलावर कसं वागायचं ते शिकवतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत परदेशी पाहुणे येतात, त्यांच्यासोबत जेवायला बसावं लागतं. मुलगा हुशार, पण सूप फुर्रकन ओढतो, तोंडात घास असताना बोलतो, फोन ताटाशेजारी. समोरचा काही बोलत नाही, पण मनात नोंद करतो. आज याचा थेट पगाराशी संबंध आहे.

आणि "आमच्याकडे चालतं" हे उत्तर नाही. ज्याच्या घरी गेलात त्याची रीत पाळा.

चिमटा_सांडशी

@सरळ_चमचा, जपानी पाहुणा आला तर काय करता? तिकडे नूडल्स सुर्रकन ओढून खाल्ल्या तर कुणी वाकडं बघत नाही आणि वाटी उचलून तोंडाला लावतात. मात्र भातात काड्या उभ्या खोचल्या तर यजमान चपापतो, कारण तसा भात तिकडे मृताच्या नावानं ठेवतात. आपण नाही का ताटात एकदम तीन पोळ्या वाढत? चुकून वाढल्या तर माझी सासू एकीचा तुकडा मोडून चार करते. मथितार्थ, सूप ओढणं वाईट नाही, सूप *कुणासमोर* ओढलं ते वाईट. मग याला संस्कार कशाला म्हणायचं? युनिफॉर्म म्हणा.

सरळ_चमचा

युनिफॉर्म म्हणा. पण शाळेत घालावा लागतोच ना?

मेनरोड_मावशी

सगळे पुरुष ताटाच्या डाव्या-उजव्या बाजूवर बोलताहेत, म्हणून मध्ये पडते.

माझं लग्न झालं तेव्हा सासरी सोळा माणसं. वाढायला दोघी जावा. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची, तिसरी सासूबाई आणि पाहुण्या बायकांची. आमची पंगत कुठली ते सांगायला नकोच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, पातेलं मांडीजवळ घेऊन, भाजी संपलेली म्हणून चटणीवर तेल घालून. मीठ वर, लिंबू डावीकडे हे ताट मी हजार वेळा वाढलं असेल. माझ्या पुढ्यात तसं ताट कुणी वाढलं ते फक्त डोहाळजेवणाला.

"सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं" असं काका लिहितात. काका, वाढणारी त्या सगळ्यांत होती का? रविवारी तुमची बायको तुमच्यासोबत बसली होती का? खरं सांगा. तुम्ही लिहिलंय की आईचा घास हातात राहिला, बायकोच्या घासाचं काहीच लिहिलेलं नाही.

टवाळ_पंचवटीकर

काका, पळा.

इंदिरानगरचा_काका

मावशी, बसली नव्हती. पोळ्या गरम वाढत होती. मुद्दा पोचला.

गोदाकाठ

मावशींच्या बोलण्याला तोड नाही. पण पंगत म्हणजे फक्त तेवढंच नव्हे. २०१५ च्या सिंहस्थात मी तपोवनात साधुग्रामात एका अन्नछत्रात वाढप्याचं काम केलं. हातात भाजीची बादली आणि वगराळं, समोर दोन ओळी, पळसाच्या पत्रावळी. भाजी, पुरी, बुंदी, वरण-भात सगळं पडेपर्यंत एकही हात पानाला लागत नाही. मग जयघोष आणि मग पहिला घास. माझ्या ओळीच्या टोकाला एक म्हातारा होता, उघड दिसत होतं की दिवसभराचा उपाशी. तोही थांबला. मला त्या वेळी घाई झाली, पळतच वाढलं.

बुफेत हे होत नाही. ज्याचे कोपर मोठे त्याचं ताट भरलेलं. औरंगाबाद नाक्याकडच्या कुठल्याही लॉन्सवर रात्री साडेनऊला जाऊन त्या खरकट्याच्या टबात डोकावून बघा. अख्खे गुलाबजाम तरंगत असतात.

आकडेमोड

लॉन्सला शिव्या घालणं सोपं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं, केटरिंग वगैरे मिळून २८ टक्के. टबातलं दिसतं, आपल्या फ्रीजमधली बुरशी आलेली वाटी गुपचूप घंटागाडीत जाते.

शिवाय पंगतीतला आग्रह विसरलात? "आमच्या शपथेवर एक जिलबी." माणूस दोन्ही हात पानावर आडवे धरतो आणि वाढपी बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. ती जिलबी जाते कुठं?

गोदाकाठ

पोटात! 😄 निदान आमच्या काळात तरी.

उंबरठ्याबाहेर

जेवणाच्या रीतींवर एवढी गोड चर्चा नाशिकमध्ये चाललेली बघून गंमत वाटली. इथंच काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. ज्यांना देवळात घेत नव्हते त्यांना पंगतीत घेत होते का? माझ्या आजोबांना कामाच्या ठिकाणी भाकरी वरून टाकत, हाताला हात लागू नये म्हणून. टाकणारे लोक घरात ताट अगदी शास्त्रशुद्ध वाढत असणार.

आणि पुढारलेल्यांचीही सुटका नव्हती. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाचं निमित्त झालं, तर टिळक-रानड्यांसकट बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला आला, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. एका कपाला काहींनी तोंडही लावलं नव्हतं म्हणतात. तेव्हा "कोण कसं जेवतो" हा प्रश्न आपल्याकडे कधीच नुसता स्वच्छतेचा नव्हता. कोण कुठला, ते ओळखायची ती युक्ती होती. काकांच्या आईनं एका पेलाभर पाण्यात पूर्ण घराणं ओळखलं, बघा.

सरळ_चमचा

प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का? साधा हात धुण्याचा विषय आहे.

उंबरठ्याबाहेर

हात धुण्याचा विषय साधा असता तर काका आठ दिवस झोपले असते.

मनमाड_जंक्शन

दोघांनाही एक सांगतो. आमच्या मनमाडच्या गुपतसर गुरुद्वारात लंगरला मी लहानपणापासून जातो. तिथंही शब्द तोच, पंगत. तिसरे गुरू अमरदास यांचा दंडक होता की भेटायला येणाऱ्यानं आधी पंगतीत बसून जेवायचं, मग भेट. शेजारी कोण बसेल ते तुम्ही ठरवायचं नाही. रोटी मागताना दोन्ही हात पुढे करायचे, ताटात टाकून उठायचं नाही, डोकं झाकायचं. नियम आहेत, कडक आहेत. पण माणूस बाहेर ठेवण्यासाठी नाहीत, सगळ्यांना एका सतरंजीवर आणण्यासाठी आहेत. म्हणजे रीत आणि भेदभाव ही जोडी तोडता येते. @उंबरठ्याबाहेर, तुमचा राग बरोबर आहे, पण त्या रागात वाट बघण्याची रीतही फेकून देऊ नका.

उंबरठ्याबाहेर

वाट बघायला हरकत नाही. आम्ही बरीच पाहिली.

आजीची_नात

मी वयानं इथं बहुतेक सगळ्यात लहान. माझ्या पिढीला काही येत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून लिहिते. रूमवर आम्ही चौघी राहतो. डबा येतो, जी आधी येईल ती जेवते, बेडवर बसून, मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून. "वदनी कवळ" शाळेतल्या डब्यापुरतं होतं. पण शेवटच्या मुलीसाठी भाजी वेगळी काढून ठेवल्याशिवाय कुणी डब्याला हात लावत नाही, आणि ती पण चांगल्या फोडी बघून. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. ताटाच्या डावीकडे काय असतं ते मात्र मला या धाग्यावर कळलं.

मेनरोड_मावशी

बाळा, तू कधीही जेवायला ये.

सरळ_चमचा

मोबाइल तेवढा बाजूला ठेवत जा.

इंदिरानगरचा_काका

उशिरा लिहितोय. काल आम्ही त्यांच्याकडे जाऊन आलो. आई पण आली, नको नको म्हणत.

बागेच्या कडेला घर. जेवायला ओसरीत सतरंज्या, आईसाठी खुर्ची. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, गोडाला बुंदी. मावशी, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, मुलाची आई आणि माझी बायको शेजारी शेजारी बसल्या होत्या. वाढायला मुलगा आणि त्याचे वडील. मुलगा डाव्या हातानं भाकरी वाढत होता, उजवा हात उष्टा होता म्हणून. ते आईनं बघितलं, मी आईला बघितलं.

जेवण संपलं. बेसिन दिसेना. विचारणार तेवढ्यात आजोबा काठी भिंतीला टेकवून तांब्या घेऊन माझ्यासमोर ओणवे झाले. वय माझ्या आईएवढंच. तांब्या थरथरत होता. मी "राहू द्या, राहू द्या" म्हणत होतो, ते काही हलेनात. शेवटी ताटातच हात धरले. खरं सांगू? किळस वाटली थोडी. बोटांवरून भरताचं तेल ताटात उतरताना बघितलं आणि मान वळवली. सवय नाही, त्याला काय करणार.

मग ते आईसमोर गेले. आई खुर्चीत ताठ. तिनं त्यांच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला नळ दाखवा, मी येते." आजोबांनी तांब्या खाली ठेवला आणि तिला हाताला धरून गोठ्याजवळच्या नळापर्यंत घेऊन गेले. दोघांना परत यायला दहा मिनिटं लागली. म्हशीचं वय, दूध, ढेप असं काहीतरी चाललं होतं.

द्राक्षबाग

ताटं म्हशीपुढेच गेली ना?

इंदिरानगरचा_काका

गेली. आईनं स्वतः बघितलं. येताना गाडीत म्हणाली, "तरी पण ताटात नको." मुलीनं कानात इयरफोन घातले.

टवाळ_पंचवटीकर

ते सगळं ठीक. लग्नात पंगत की बुफे? त्याप्रमाणे कपडे शिवायला टाकतो.

इंदिरानगरचा_काका

अजून वाद चालू आहे. ते पंगत म्हणतात, मुलगी बुफे म्हणते, आई म्हणते दोन्हीकडे बेसिन किती ते आधी मोजून या.