अंड्यांची राखण करणारा हा कीटक मारेकरी ढेकूण आहे का?

प्रश्न
एका झुडपाच्या फांदीवर अंड्यांचा पुंजका असून त्यावर पाय फाकून बसलेला तांबूस-काळा, सुमारे दीड सेंटिमीटर लांबीचा कीटक मला रोज त्याच जागी दिसतो. बोट जवळ नेले तरी तो उडून न जाता अंड्यांच्या बोटाकडच्या बाजूला सरकतो. हा मारेकरी ढेकूण (इतर कीटकांची शिकार करणारा ढेकूण) असावा असे वाटते, परंतु झाडांचा रस शोषणारे काही ढेकूणही असेच दिसतात. ओळख कशी पटवावी? आणि ही मादीच असणार ना?

प्रतिसाद १
रंगावर विसंबू नका, सोंड पाहा. मारेकरी ढेकणांची सोंड आखूड, जाड आणि बाकदार असते, तिचे तीन खंड सहज दिसतात आणि तिचे टोक छातीखालच्या खाचेत टेकलेले असते; रस शोषणाऱ्यांची सोंड मात्र सरळ, चार खंडांची आणि पायांमधून पोटाच्या दिशेने गेलेली असते. मारेकरी ढेकणाचे डोके अरुंद असून डोळ्यांमागे मान असल्यासारखा भाग दिसतो. कीटक हातात मात्र घेऊ नका, त्याचा दंश फार वेदनादायक असतो.

प्रतिसाद २
वरील ओळख योग्य आहे. मादीबद्दलचे गृहीतक मात्र तपासायला हवे. मारेकरी ढेकणांच्या कुळात सुमारे सात हजार जाती आहेत आणि बहुतेक जातींत अंडी घातल्यावर त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. काही थोड्या जातींत मादी राखण करते. आफ्रिकेतील ऱ्हायनोकोरिस ट्रिस्टिस या जातीत मात्र हे काम नराचे आहे. एकाच नराजवळ अनेक माद्या अंडी घालतात, आणि आधीच अंडी सांभाळत असलेला नर त्यांना अधिक पसंत पडतो, त्यामुळे राखण करणे त्याच्या फायद्याचेच ठरते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की शिकारीला फारसे न जाता आलेला हा नर स्वतःच्याच पुंजक्यातील काही अंडी खातो, आणि तीही प्रामुख्याने कडेची, जिथे परजीवी गांधीलमाश्यांचा (ढेकणाच्या अंड्यांतच आपली अंडी घालणाऱ्या माश्यांचा) उपद्रव अधिक असतो.

प्रतिसाद ३
नर-मादी ओळखण्यासाठी पोटाच्या टोकाचे खालून छायाचित्र घ्या: नरात तिथे एकसंध, गोलसर कुपी दिसते, तर मादीत उभ्या फटीने दुभंगलेल्या पट्ट्या दिसतात. अंडी रिकामी झाल्यावर तीही भिंगाखाली पाहा. पिल्लू बाहेर पडले असेल तर अंड्याच्या माथ्यावरची झाकणी उघडलेली असते. गांधीलमाशी बाहेर पडली असेल तर अंड्याला कुरतडलेले लहान भोक दिसते.