मदत हवी आहे: प्रेम आहे की नुसती सवय?

लग्नाला ११ वर्षं झाली. भांडणं फारशी नाहीत, तक्रार करावी असंही काही नाही. पण परवा रात्री नवऱ्याने अचानक विचारलं, "तुझं अजून प्रेम आहे ना गं माझ्यावर?" मी मोबाइल चार्जिंगला लावता लावता "हो रे" म्हणून मोकळी झाले. नंतर मात्र झोपच लागेना.

रॉबर्ट स्टर्नबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये प्रेमाचे तीन घटक मांडले: जवळीक, ओढ आणि बांधिलकी. आमच्यात बांधिलकी भरपूर. जवळीकही आहे, तो नुसता शिंकला तरी माझा हात आपसूक त्याच्या कपाळावर जातो. ओढ तेवढी कधी आटली ते कळलंच नाही. स्टर्नबर्गच्या हिशेबात हे 'सहचर प्रेम'. चला, नाव तरी मिळालं!

ज्यांचा संसार असाच मुरलाय त्यांनी सांगा, ओढ परत येते का? की तिच्या मागे लागूच नये? आणि मुख्य म्हणजे, त्याला न दुखावता हा विषय काढू कसा?

'दोघंच कुठेतरी फिरून या' हा सल्ला कृपया नको. जाऊन आलोय. दोघंही आपापल्या फोनमध्ये होतो.