मदत हवी आहे: मोत्या पट्टा काढून पळतो, हाक मारली तरी येत नाही

करवीरकर
लवकर सांगा कुणीतरी. आज तिसऱ्यांदा पळाला. सकाळी रंकाळ्यावर नेलेलं, मांजर दिसलं आणि पट्टा माझ्या हातातच राहिला. मोत्या थेट रस्त्याच्या पलीकडं, बस जेमतेम थांबली. घसा बसेपर्यंत ओरडलो, वळूनसुद्धा बघितलं नाही. घरात इतका गरीब की पाहुणे आले तरी भुंकत नाही. आई म्हणते गावाकडं देऊन टाक. मला द्यायचा नाही.

शाहूपुरी_४१६
जात कुठली? वय? पट्टा तुटला का निसटला?

पेठेतला_पैलवान
साखळी घाल, एक दिवस उपाशी ठेव. बरोबर हाकेला येतोय.

शाहूपुरी_४१६
असलं काही करू नको भावा. उपाशी ठेवून कुत्रं भितं, शिकत नाही.

करवीरकर
मुधोळ आहे, अजून काय? ११ महिन्यांचा नर. पट्टा तुटला नाही, आहे तसाच आहे.

लॅबवाली_मावशी
लॅब्राडोर घ्यायचास की रे बाळा. आमची राणी चेंडू टाकला की हातात आणून देते. कोळ्यांबरोबर पाण्यातनं मासे-जाळी ओढून आणणारी जात ती, माणसाचं ऐकणं रक्तातच.

करवीरकर
मावशी, मोत्या घरात आहे. आता दुसरं कुत्रं कशाला?

शिरोळचा_शेतकरी
आमच्याकडं वडिलांपासनं हीच कुत्री आहेत, म्हणून सांगतो. बीगल जातीचं कुत्रं वासावर शिकार करतं, हा नजरेवर. पळणारं काही दिसलं की कान बंदच होतात, त्यात तुझा अपमान नाही. आणि पट्टा निसटतोय तो डोक्यामुळं. यांचं डोकं अरुंद, जवळजवळ मानेएवढंच. मागं ओढ घेतली की साधा पट्टा कानांवरनं सुळकन निघतो. मार्टिंगेल पट्टा घे. ओढ बसली की तो आवळतो, पण बेतानं, गळफास बसत नाही. मोकळा तर इतक्यात सोडूच नको. १० मीटरची दोरी लावून शेतात हाक मारायची सवय लाव, आला की प्रत्येक वेळी खाऊ. सुटलाच तर मागं धावू नको, त्याला शर्यत वाटते. हाक मारत उलटीकडं पळ. आणि उशिरा आला तरी मारायचं नाही.

जुना_करवानी
मुधोळ म्हणू नका, करवानी म्हणा. आपल्याकडं तेच नाव आहे.

तिकीटसंग्राहक
२००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंडच छापलंय. मुधोळच्या घोरपडे राजेसाहेबांनी ही जात जपली, तेव्हा नावाचा मान त्यांचाच.

जुना_करवानी
तिकिटानं जात ठरत नसते. धनगर वाड्यांवर विचारा.

पेठेतला_पैलवान
फोटो बघितला. बरगड्या मोजता येतात! रोज मटणाचा रस्सा घाल.

शिरोळचा_शेतकरी
या जातीच्या बरगड्या थोड्या दिसणारच, अंगानंच सडपातळ असतात. रस्सा अजिबात नको. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, रक्त कमी होतं. शिजलेलं हाडही नको, फुटून आत टोचतं.

करवीरकर
आत्ता टेपनं मोजलं. मान ३६, डोकं ३७ सेंटीमीटर. तीन महिने मी त्यालाच शिव्या देत होतो. तो पट्टा कोल्हापुरात मिळेल का?

शाहूपुरी_४१६
न मिळायला काय झालं? नाहीतर चप्पल लाईनला शिवून घे. रुंद चामडं घे, मान कापत नाही.

करवीरकर
उद्या जातो. मापाला मोत्यालाच नेऊ का?

शिरोळचा_शेतकरी
मापं लिहून ने. तो घरीच असू दे, तिथं मांजरं असतील.