४:२:२ फुटेजच्या संकलनासाठी मॅक घ्यावा की विंडोज?

प्रश्न:
मी मुलाखती आणि लघुमाहितीपटांचे संकलन करते. सध्याच्या जुन्या विंडोज संगणकावर फोर-के फुटेज टाइमलाइनवर घेतले की ते अडखळू लागते, आणि प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती खूण) जरा मागे नेला तरी चित्र उमटण्याची वाट पाहावी लागते. सहकारी मॅकचा आग्रह धरतात, तर तेवढ्याच पैशांत विंडोजचा अधिक ताकदीचा संगणक जुळवता येईल, असे सांगणारेही आहेत. काम प्रीमियर प्रोवर चालते, कलर ग्रेडिंग दा विंची रिझॉल्व्हमध्ये होते आणि कॅमेरा एच.२६५, १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची माहिती अधिक तपशिलाने साठवणाऱ्या प्रकारात, चित्रण करतो. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

उत्तर १:
कॅमेऱ्याचा कोडेक, म्हणजे चित्रण दाबून साठवण्याची पद्धत, आपण लिहिलात हे बरे केले. बहुतेक जण रॅमचे आकडे देतात आणि नेमके हेच गाळतात. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमपासून असलेल्या फरकाच्या रूपात असतात. त्यामुळे प्लेहेड मध्येच कुठे टेकवला की संगणकाला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथपासून पुढचे सगळे उलगडत यावे लागते. हे काम चिपमधला स्वतंत्र डिकोडर करत असेल तर काहीच जाणवत नाही, पण त्या डिकोडरला तो प्रकार हाताळता येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

गोम ४:२:२ मध्येच आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डांत ४:२:२ चे हार्डवेअर डिकोडिंग २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच मिळते, म्हणून त्याआधीचे कितीही महागडे कार्ड असले तरी अशा फुटेजच्या डिकोडिंगला त्याचा उपयोग होत नाही. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये (प्रोसेसरच्या अंगभूत ग्राफिक्समधल्या डिकोडरमध्ये) एच.२६५ पुरती ही सोय ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांत आहे, मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या मॉडेलांत अंगभूत ग्राफिक्सच नसल्यामुळे क्विक सिंकही नसते. मॅकमधल्या ॲपलच्या एम मालिकेच्या चिपांत ती पहिल्या, म्हणजे २०२० च्या एम१ पासून आहे. आपल्या सहकाऱ्यांना मॅक ‘वेगवान’ वाटतो त्याचे बरेचसे कारण हेच असावे.

उत्तर २:
वरील म्हणणे पटते, पण काम कोणाबरोबर वाटून घ्यायचे आहे तेही पाहावे. प्रीमियर आणि रिझॉल्व्ह दोन्हीकडे चालतात, त्यामुळे प्रोजेक्ट इकडून तिकडे नेता येतो. फायनल कट प्रो मात्र विंडोजवर नाही, आणि त्यात एकदा मुरलात की परतीची वाट अवघड होते. शिवाय जुन्या हार्ड डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या असतील, तर मॅक त्या वाचेल, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय त्यांवर लिहू शकणार नाही. एक्सफॅट पद्धतीच्या डिस्कवर दोन्हीकडून लिहिता येते, फक्त डिस्क ‘इजेक्ट’ न करता ओढून काढण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी.

उत्तर ३:
मॅकची बाजू सगळे मांडत आहेत, म्हणून थोडे विरुद्ध लिहितो. एम मालिकेत मेमरी चिपबरोबरच बसवलेली असते आणि तीच ग्राफिक्सलाही वापरली जाते, ती नंतर वाढवता येत नाही. म्हणजे तीन वर्षांनंतरची गरज आजच ओळखून पैसे मोजायचे. डेस्कटॉप विंडोज संगणकात रॅम, डिस्क, कार्ड हे सवडीने बदलता येते. लिनक्सचा विचार मनात असेल तर तो सोडावा, कारण रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तिथे एच.२६५ उघडतच नाही.

काही विकत घेण्याआधी, फुटेज चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख पाहावा, म्हणजे डिकोडर कामाला लागतो की नाही ते कळेल.

प्रश्नकर्ती:
पाहिले. तो आलेख तळालाच चिकटलेला आहे आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आहे. माझा प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्स नसलेल्या प्रकारातला निघाला.

उत्तर १:
मग संपूर्ण संगणक बदलण्याची घाई नको. मदरबोर्डवर बसणारा त्याच सॉकेटचा, अंगभूत ग्राफिक्स असलेला ११व्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर मिळतो का ते पाहा. बसवल्यावर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते ग्राफिक्स चालू ठेवा आणि प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या डिकोडिंगवर खूण आहे ना ते तपासा. तसा प्रोसेसर मिळत नसेल तर मात्र मॅकचे पारडे जड आहे. तोपर्यंत प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या कोडेकांतल्या प्रॉक्सी, म्हणजे मूळ फुटेजच्या संकलनापुरत्या हलक्या नकला, बनवून काम चालवा: जागा जास्त लागते, पण त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असल्याने हाच संगणक निमूटपणे चालेल.