हातशिलाईसाठी चामड्यावर टाक्यांची तात्पुरती रेघ कशी आखावी?

नवाशिवणकर:
नमस्कार. मी खांद्याला अडकवायची एक पिशवी हाताने शिवत आहे. चामडे झाडाच्या सालीतील टॅनिनने कमावलेले, न रंगवलेले आणि साधारण २ मिमी जाडीचे आहे. कडेच्या शिलाईची मला चिंता नाही, कारण डिव्हायडरचे एक टोक कडेला टेकवून दुसऱ्याने ४ मिमी आत रेघ ओढली की काम भागते. अडचण आहे ती दर्शनी भागाच्या मधोमध बसवायच्या खिशाची. तिथे टेकवायला कडच नाही, आणि खिशाचे खालचे दोन्ही कोपरे गोल आहेत. टाकाऊ तुकड्यावर पेन्सिलीने आखून पाहिले, तर खोडल्यावर धुरकट डाग राहिला. चंदेरी पेनाची रेघ पुसता पुसता तर चामड्याचा वरचा तुकतुकीतपणाच गेला. शिवून झाल्यावर मागमूस राहणार नाही अशी रेघ कशी आखावी?

आरीदोरा:
चंदेरी पेन वरून लेप दिलेल्या, गुळगुळीत क्रोम चामड्यासाठी (म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) ठीक असते. तुमचे चामडे कोरे आहे आणि ते कोणतीही शाई पिऊन टाकते. बॉलपेन तर त्याच्याजवळही आणू नये, कारण त्याची शाई तेलकट असते आणि पुढे चामड्याला तेल लावले की रेघ फुटून पसरते. मी अशा चामड्यावर शाई वापरतच नाही. ओलसर स्पंज फिरवून थोडे थांबावे, आणि गडद झालेला रंग मूळपदावर येऊ लागला की हाडाच्या बोथट पट्टीने हलकी रेघ दाबावी. ती सहसा जात नाही, म्हणून बरोबर टाक्यांखाली येईल तेवढीच आखावी. एक मात्र सांभाळा: ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी किंवा आरी ठेवू नका. टॅनिन आणि लोह ओलाव्यात एकत्र आले की निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळी लिहिण्याची शाई याच क्रियेने करीत असत, तेव्हा तो डाग किती पक्का असेल याची कल्पना यावी.

मेणदोरी:
उष्णतेने नाहीशी होणाऱ्या शाईचे पेन वापरून पाहावे. शिवून झाल्यावर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा दिली की रेघ दिसेनाशी होते.

जुनीरापी:
माझा याला विरोध आहे. ती शाई सुमारे ६० अंश सेल्सिअसला रंगहीन होते, निघून जात नाही, आणि तापमान शून्याच्या बरेच खाली गेले की पुन्हा उमटू शकते. शिवाय या प्रकारच्या चामड्याला जास्त उष्णता मानवत नाही. ते काळवंडते, आणि ओलसर असेल तर आकसून ताठ होते.

मुळात खिशासाठी खालच्या तुकड्यावर रेघ हवीच कशाला? आधी खिशाच्या स्वतःच्या कडेला डिव्हायडर लावून रेघ ओढा आणि दातेरी छिन्नीने सगळी छिद्रे पाडून घ्या. मग खिसा जागेवर ठेवून वरच्या दोन टोकांच्या छिद्रांतून खालच्या तुकड्यावर आरीने टोचा, त्या छिद्रांत एकेक सुई उभी करा, म्हणजे खिसा हलणार नाही. त्यानंतर प्रत्येक छिद्रातून बारीक, गोल आरीचे टोक खाली नुसते टेकवा. खिसा उचललात की ठिपक्यांची ओळ तयार असते, आणि हे ठिपके पुढे छिद्रांतच जिरतात, त्यामुळे पुसायला काही उरत नाही. आरी काटकोनात धरणे महत्त्वाचे आहे, कारण २ मिमी जाडीत ती जराशी कलली तरी ठिपका सरकतो. छिन्नीचे दाते तिरके असतील, तर खालचा तुकडाही सुलट्या बाजूनेच टोचा, नाहीतर दोन्हींचे तिरकेपण एकमेकांविरुद्ध जाईल.

आरीदोरा:
हे माझ्या उपायापेक्षा बरे आहे. एरवी, जिथे वरचा तुकडाच नसतो, नुसती नक्षीची शिलाई असते, तिथे मी मास्किंग टेपवर आखतो. टेप आधी दोन-तीनदा कपड्यावर चिकटवून काढावी, म्हणजे तिची पकड कमी होते. मात्र छिद्रे पाडल्यावर ती शिवण्यापूर्वीच काढावी. दोऱ्याखाली अडकलेले टेपचे कपटे चिमट्याने उपसताना मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

नवाशिवणकर:
आपणा सर्वांचे आभार. ठिपक्यांची पद्धत आधी टाकाऊ तुकड्यावर आणि मग पिशवीवर वापरली. सरळ बाजू पहिल्याच प्रयत्नात जुळल्या, पण उजव्या गोल कोपऱ्यात हात कलला आणि तीन ठिपके जवळपास अर्धा मिमी बाहेर पडले. ओल्या बोटाने ती जागा किंचित भिजवून हाडाच्या पट्टीने घोळवल्यावर दोन ठिपके मिटले. तिसरा, मुद्दाम शोधणाऱ्याला, अजूनही सापडेल.