फाइल उघडतानाच रिकामी होते
पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल डब्ल्यू मोडमध्ये, म्हणजे नव्याने लिहिण्यासाठी, उघडली की काही लिहिलं तरच जुना मजकूर जातो, असं काही जण समजतात, ते बरोबर नाही. फाइल उघडणारी ओपन ही आज्ञा चालताक्षणी फाइल शून्य बाइटची होते, पुढे एक अक्षरही लिहिलं नाही तरी.

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यासाठी मी मागांच्या रोजच्या उत्पादनाच्या नोंदींचा प्रोग्राम लिहिला होता. एका सकाळी त्याने नोंदींची फाइल डब्ल्यू मोडमध्ये उघडली आणि पुढच्याच ओळीत, नगांचा रकाना रिकामा म्हणून, प्रोग्राम बंद पडला. महिन्याभराच्या नोंदी गेल्या. जॉबरच्या (मागांवर देखरेख करणाऱ्याच्या) वहीवरून त्या परत भरायला दोन रात्री लागल्या, फार वाईट वाटलं. रोज भर घालायची तर ए मोडच, तो जुन्या मजकुराच्या शेवटी लिहितो. नवीच फाइल हवी असेल तर एक्स मोड वापरा, ३.३ आवृत्तीपासून आहे. त्या नावाची फाइल आधीच असली तर तो एरर देतो, जुनीला हात लावत नाही.