ऐंशीच्या घरातले रॉकर आणि त्यांचे नवे अल्बम: वय लपवायचं कशाला?

खर्ज

गेल्या पाच-सहा वर्षांत साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मोठ्या नावांनी नवे अल्बम काढले. बॉब डिलन, पॉल मॅकार्टनी, रोलिंग स्टोन्स, डीप पर्पल, पिंक फ्लॉइडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर, पीटर गॅब्रिएल. त्यातले बरेचसे ऐकून माझं एक मत झालंय. इथे फोरमवर टाकतो, हाणा.

स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' ऑक्टोबर 2023 मध्ये आला. 2005 च्या 'अ बिगर बँग'नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा हा पहिलाच. कौतुक झालं, बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमीही मिळालं. अल्बम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ऐंशी वर्षांचा माणूस गातोय हे त्यात कुठे जाणवतच नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. प्रोड्यूसर अँड्र्यू वॉट, जन्म 1990. याने ऑझी ऑस्बोर्नचे अल्बम केले, पर्ल जॅमचा केला, एल्टन जॉनचा केला. सगळीकडे तोच चकचकीत, गच्च भरलेला आवाज. एकाच डब्यातला कलप सगळ्यांच्या डोक्याला लावत सुटलाय.

आता डिलन ऐका. 'रफ अँड राउडी वेज' 2020 चा, तेव्हा तो 79 वर्षांचा. वरचे सूर गेले ते गेलेच, म्हणून तो तिकडे फिरकतही नाही. खालच्या पट्टीत, शब्द चघळत गातो, आणि मागचे वाजवणारे त्याला वाट करून देतात. 'की वेस्ट'मध्ये तर ड्रम आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो, नुसतं अकॉर्डियन तरंगत असतं. केनेडींच्या हत्येवरचं सतरा मिनिटांचं गाणं आहे. त्याच्या उत्तरार्धात तो वुल्फमन जॅक या जुन्या रेडिओवाल्याकडे एकामागोमाग एक फर्माइशी करत सुटतो. हे पंचविशीतल्या पोराला सुचणार नाही, आणि सुचलं तरी त्याच्या तोंडी शोभणार नाही.

म्हाताऱ्यांनी नवे अल्बम जरूर काढावेत. पण ते म्हाताऱ्यांचे अल्बम असावेत.

सरळसोट

खर्जराव, काडी चांगली टाकलीत. पण स्टोन्सचा गायक मिक जॅगरने काय करायचं? पांढरी दाढी वाढवून मरणावर गाणी म्हणायची? म्हणजे तुमचं समाधान होणार?

विशीत ही पोरं मिसिसिपीकडच्या काळ्या ब्लूजवाल्या म्हाताऱ्यांसारखा आवाज काढायला बघत होती. तेव्हा लोक म्हणायचे, या गोऱ्या पोरांना ब्लूज काय कळणार. आता ऐंशीत विशीसारखं वाजवतात तर तुम्ही म्हणता वय लपवतात. यांनी कधी आपल्या वयाप्रमाणे वागायचं ते एकदा ठरवून सांगा.

आणि लपवलंय कुठे? ऑगस्ट 2021 मध्ये त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला. त्याने आधी वाजवून ठेवलेली दोन गाणी अल्बममध्ये आहेत. त्यातल्या 'लिव्ह बाय द सोर्ड'वर बिल वायमन बेस वाजवायला परत आला, बँड सोडून तीस वर्षं झाल्यावर. गिटारवाला कीथ रिचर्ड्स स्वतः सांगतो की संधिवाताने त्याची वाजवायची पद्धत बदलली. आणखी काय हवं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट?

ड्रमकाठी

सरळसोट यांना +१. वॉटवर सगळं ढकलणं सोपं आहे. पण तो आला नसता तर हा अल्बम झालाच नसता. किती वर्षं नुसतं घोळत ठेवलं होतं यांनी. शेवटी जॅगरने मुदत घातली, व्हॅलेंटाइन डेपर्यंत उरकायचंच, तेव्हा गाडी हलली. म्हाताऱ्यांच्या मानगुटीवर बसणारा कोणीतरी लागतोच. पीटर गॅब्रिएलच्या मानगुटीवर कोणी नव्हतं, मग 'अप' 2002 मध्ये आणि स्वतःच्या नव्या गाण्यांचा पुढचा 'आय/ओ' थेट 2023 मध्ये. तोही दर पौर्णिमेला एकेक गाणं सोडत, आणि प्रत्येक गाण्याची दोन-दोन मिक्स. कुठलं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा म्हणे.

(मला 'आय/ओ' आवडला, पण तो मुद्दा वेगळा.)

सातारी तर्री

तुम्ही सगळे अल्बम-अल्बम करताय. अहो, अल्बम ही दौऱ्याची जाहिरात असते. 2024 च्या स्टोन्सच्या अमेरिकेतल्या दौऱ्याचा प्रायोजक कोण होता? एएआरपी, म्हणजे तिकडची पन्नाशीपुढच्यांची संघटना. यातच सगळं आलं. स्टेडियममध्ये नवं गाणं सुरू झालं की लोक बिअर आणायला उठतात.

ओहायोकर

मी क्लीव्हलंडच्या शोला होतो, त्यामुळे तर्रीसाहेबांना थोडी माहिती देतो. त्या दौऱ्यात नव्या अल्बममधली तीन-चारच गाणी एका रात्री व्हायची, हे खरं. नवं गाणं लागलं की लोक उठतात, हेही अर्धं खरं. पण माझ्या रांगेत एक कॉलेजची पोरगी आजोबांबरोबर आली होती. तिला नवं 'अँग्री' तोंडपाठ, आजोबा मोबाईल बघत बसलेले. पुढे जुनं 'गिमी शेल्टर' लागल्यावर आजोबा उभे राहिले. जुनीच गाणी हवी असतात ती जुन्या लोकांना.

मुंबईत 7 एप्रिल 2003 ला ब्रेबोर्नवर स्टोन्स आले होते, तेव्हाही मी होतो. त्या वेळीही घरी-दारी सगळे म्हणत होते, कशाला जातोस त्या म्हाताऱ्यांना बघायला. जॅगर तेव्हा 59 वर्षांचा होता! त्याला म्हातारा म्हणणाऱ्यांतले निम्मे आज गुडघ्याला पट्टा बांधून फिरतात.

बंदिश

मी रॉकवाली नाही. नवऱ्यामुळे कानावर पडतं तेवढंच. पण ख्याल ऐकणाऱ्यांना या भांडणाची गंमत वाटेल. मल्लिकार्जुन मन्सूरांना सगळीकडे नाव मिळालं तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. गंगूबाई हंगलांचा आवाज वयाबरोबर आणखी जाड, आणखी भरदार झाला, तरी कोणी 'आता थांबा' म्हणालं नाही. आमच्याकडे म्हातारा गवई गायला बसला की लोक सरसावून बसतात. तुमच्याकडे म्हातारा गायला लागला की लोक त्याच्या पंचविशीतल्या रेकॉर्डशी ताडून बघतात. खर्ज यांचं म्हणणं मला पटतं. डिलनचं ते की वेस्टचं गाणं नवऱ्याने ऐकवलं होतं. ते बैठकीच्या मनाचं गाणं आहे.

कोपऱ्यातला अँप

बंदिशताई, तुलना छान आहे पण इथे लागू पडत नाही. ख्यालात गवई आपली पट्टी स्वतः ठरवतो, आज जे गायलं ते उद्या तसंच गायचं बंधन नाही, आणि विलंबित हाताशी असतंच. रॉकवाला त्याच्या रेकॉर्डला बांधलेला असतो. गिटारचा रिफ, म्हणजे परत परत येणारा तुकडा, मोकळ्या तारांवर बसवलेला असतो. गाणं दोन सूर खाली उतरवलं की तो रिफ बसका वाटायला लागतो. डीप पर्पलचा गायक इयन गिलनने 'चाइल्ड इन टाइम' गाणं केव्हाच सोडून दिलं, कारण ती किंकाळी अर्ध्या ताकदीने मारण्यात अर्थ नाही. प्रामाणिक माणूस.

पण म्हणूनच नवं गाणं करायचं असतं! नवं गाणं आजच्या गळ्याला मापून बेतता येतं. डीप पर्पलचा 2024 चा 'इक्वल्स वन' घ्या. गिलन त्यात कुठेही जुन्या उंचीवर चढत नाही, मधल्या पट्टीत मिश्कीलपणे गातो. सायमन मॅकब्राइड हा नवा गिटारवाला आल्यामुळे बँड टुणटुणीत झालाय. वय लपवलेलं नाही आणि मिरवलेलंही नाही. खर्ज यांनी यादीत नाव घेतलं आणि पुढे गेले, म्हणून आठवण करून देतोय.

खर्ज

'इक्वल्स वन' मान्य. बॉब एझ्रिन हा वाद्यांमध्ये हवा ठेवणारा प्रोड्यूसर आहे, फरक तिथेच पडतो.

गिल्मरच्या 'लक अँड स्ट्रेंज'बद्दल कोणी बोललंच नाही. सप्टेंबर 2024, गिल्मर 78 चा. त्यानेही तरुण प्रोड्यूसर घेतला, ऑल्ट-जे या बँडचे अल्बम केलेला चार्ली अँड्र्यू. पण या माणसाला पिंक फ्लॉइडचं दडपण नव्हतं. इथे सोलो हवाच का, असं तो गिल्मरला तोंडावर विचारायचा. त्याचा परिणाम ऐकू येतो. सोलो कमी आहेत, आणि जेव्हा येतो तेव्हा अंगावर येतो. शीर्षकगीतात पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवाला रिक राइट वाजवतोय. तो 2008 मध्येच गेला. 2007 मध्ये गिल्मरच्या शेतावरच्या कोठारात सगळे असेच वाजवत बसले होते, त्या बैठकीवर हे गाणं उभं केलंय. मूळ बैठक चौदा मिनिटांची, तीही बोनस म्हणून दिलीय. ती आधी ऐका आणि मग गाणं ऐका. राइटचे ते दोन-तीन स्वरांचे तुकडे तेच आहेत, पण मधल्या सतरा वर्षांत त्यांच्यावरून गाणारा माणूस म्हातारा झालाय.

म्हणून तरुण प्रोड्यूसर ही अडचण नाही. अडचण आहे ती चाहता असलेल्या प्रोड्यूसरची. त्याला लहानपणी ऐकलेला बँड परत हवा असतो.

सरळसोट

वा! म्हणजे सोलो कापला की प्रामाणिक आणि ढोल मोठा ठेवला की कलप. सोयीचं आहे.

एक सांगा, सुरकुत्यांचा मेकअप नसतो का? 1994 मध्ये रिक रुबिन या प्रोड्यूसरने कंट्री गायक जॉनी कॅशला दिवाणखान्यात बसवला, हातात एक गिटार दिली आणि बाकी सगळं काढून टाकलं. कॅश तेव्हा 62 चा होता, जॅगरपेक्षा कितीतरी लहान. 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' गाजला आणि तेव्हापासून 'म्हातारा, लाकडी गिटार, थरथरता आवाज' हा साचाच पडला. पुढे त्याच रुबिनने नील डायमंडलाही त्याच साच्यातून काढला. तुम्हाला जे खरंखुरं वाटतं तेही कोणीतरी माइक कुठे ठेवायचा हे ठरवूनच केलेलं असतं. तुमचा कान त्या साच्याला सरावलाय, एवढंच.

बंदिश

हे मात्र बिनतोड आहे हो. आमच्याकडेही 'थकलेल्या आवाजातली आर्तता' म्हणून काय काय खपवतात.

सातारी तर्री

पॉपकॉर्न संपले. कोणीतरी डेव्हिड बोवीला आणा आता.

कोपऱ्यातला अँप

आणतो. 'ब्लॅकस्टार' 8 जानेवारी 2016 ला आला, त्याच्या 69 व्या वाढदिवशी. दोन दिवसांनी तो गेला. आजाराची बाहेर कोणाला कल्पना नव्हती. आता सगळे त्याला मृत्यूचा अल्बम म्हणतात, पण पहिले दोन दिवस लोकांनी तो काय म्हणून ऐकला? बोवीने न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांची टोळी धरलीय आणि काहीतरी भन्नाट केलंय, म्हणून. त्यात ना कलप आहे ना लाकडी गिटार. डॉनी मॅककॅस्लिनचा सॅक्सोफोन ऐका, अख्ख्या अल्बमला सुखाने बसू देत नाही. तुम्ही दोघं ज्या दोन टोकांवर भांडताय त्या दोन्हींशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

खर्ज

बोवी मलाही चालेल, पण असे बोवी किती? सरळसोट यांच्या साच्याच्या मुद्द्याकडे येतो. साचा आहे, कबूल. पण डिलन त्या साच्यातला नाही. त्याने आधी तीन अल्बम सिनात्राच्या काळातली गाणी गाण्यात घालवली, 2015 ते 2017. लोक वैतागले. माझ्या मते तो आपल्या उरलेल्या आवाजात गायचा रियाज करत होता, आणि मग स्वतःची गाणी घेऊन आला. स्टोन्सना अठरा वर्षं मिळाली. त्यात त्यांनी आपल्या आजच्या आवाजाचा असा शोध कुठे घेतला? 'अँग्री' कोणीही लिहिलं असतं. त्याच्या श्रेयात जॅगर-रिचर्ड्सबरोबर वॉटचंही नाव आहेच.

सरळसोट

'अँग्री'वर अडकू नका. 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन' सात मिनिटांचं आहे. स्टीव्ही वंडर कीबोर्डवर, लेडी गागा बरोबर. मध्ये गाणं चक्क संपतं, खोलीतलं बोलणं ऐकू येतं, मग कोणीतरी परत सूर धरतो आणि सगळे पुन्हा चढत जातात. तो भाग बेतलेला वाटतो तुम्हाला?

आणि शेवटचं 'रोलिंग स्टोन ब्लूज'. जुन्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सचं गाणं, ज्याच्यावरून बँडचं नाव पडलं. एक गिटार, एक माउथऑर्गन, जॅगर आणि कीथ, बस. 1961 मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर जॅगरच्या काखेत मडी वॉटर्सची रेकॉर्ड बघून कीथ त्याच्याशी बोलायला गेला होता. तेच दोघं इथे बसलेत. आणि हे रेकॉर्ड कोणी केलंय? तुमच्या त्याच कलपवाल्या वॉटने.

खर्ज

बारावं गाणं आहे ते. तिथवर पोचायला आधीची अकरा ऐकावी लागतात. तसाच अख्खा अल्बम करायला काय हरकत होती?

ड्रमकाठी

केला होता की! 'ब्लू अँड लोनसम', 2016. तीन दिवसांत वाजवून मोकळे झाले. गिटारवाला एरिक क्लॅप्टन त्याच स्टुडिओत स्वतःच्या कामाला आला होता, त्यालाही दोन गाण्यांवर बसवून घेतलं. तेव्हा तुमच्यासारखेच लोक ओरडत होते, सगळी दुसऱ्यांचीच गाणी, यांची स्वतःची नवी गाणी कुठायत?